पसाऱ्याची निगा

रेवा आणि ईशान,

परवा फोनवर रेवा फुरंगटून बसली होती. शाळेच्या नाटकात तिला काम मिळालं नाही, स्टेज मॅनेजर केलं म्हणे. "आजी, म्हणजे मी फक्त सामान उचलायचं," असं म्हणून ती कॅमेऱ्यासमोरून उठूनच गेली. मागे तिची रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहिली, तिरकी, पाठीवर एक स्वेटर अर्धा लोंबणारा. ईशान खिदळत होता. मी मात्र त्या खुर्चीकडे बघत राहिले. मनात आलं, असा स्वेटर मुद्दाम टाकायला सांगितला तर कुणाला जमणार नाही. मला तर जमलाच नव्हता.

म्हणून हे लिहायला घेतलं. शिवाय दिवसही तेच आलेत. तुमच्या मेलबर्नला आता उन्हाळा लागला असेल. इथे नांदेडला सकाळी गोदावरीवर धुकं असतं, गाड्यांवर तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे ढाळे येतात, आणि दुपार कलली की उन्हाचा रंग हळदीसारखा होतो. हे आमच्याकडचे नाटकांच्या स्पर्धांचे दिवस. काल संध्याकाळी भाजी घेऊन शाळेवरून येत होते. वरच्या वर्गाच्या खिडकीतून आवाज आला, "थांबा थांबा, तू अजून आलेला नाहीस!" आणि मग हसण्याचा एकदम फुटलेला आवाज. बाकं सरकवल्याचा तो खरखराट. माझी पावलं आपोआप थांबली. पिशवीतल्या मेथीला कळलं असेल की आज निवडायला उशीर होणार.

त्याच वर्गात आमची तालीम असायची. मी निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. रत्नमाला माझ्याच शाळेत मराठी शिकवायची, मी इंग्रजी. वयानं ती माझ्या मुलीसारखी. एक दिवस घरी आली, चहासाठी कपाट उघडलं आणि आत बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावता. मी नाटक बसवतेय. ते सांभाळायला मला असंच माणूस पाहिजे." मला वाटलं, वा, आपल्या शिस्तीला अखेर गिऱ्हाईक मिळालं. मी लगेच हो म्हटलं. नाटक वाचायला नंतर घेतलं.

नाटक एका पसाऱ्याबद्दल होतं.

एक निवृत्त मास्तर. बायको गेलेली. खोलीत नुसता पसारा, आणि त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. मुलगी येते, ते बाहेर गेलेले बघून सगळी खोली आवरून ठेवते. मास्तर परत येतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. औषध नाही, रेडिओ नाही, स्वतःचा दिवससुद्धा सापडत नाही. शेवटी मुलगी एक शब्द न बोलता सगळा पसारा होता तसा परत मांडून देते. कागद तिथे, मफलर तिथे, उलटी चप्पल तिथे. आणि सगळ्यात शेवटी आईचा चष्मा. एवढंच नाटक. पण ध्यानात घ्या, सुरुवातीला पसारा जसा असेल तसाच्या तसा तो शेवटी परत यायला हवा. म्हणजे कपाटात चमचे उंचीप्रमाणे लावणाऱ्या बाईला आता रोज संध्याकाळी एक अव्यवस्था व्यवस्थित लावायची होती.

रेवा, सामान उचलणं म्हणजे काय ते आता सांगते. फरशीवर रंगीत टेपचे तुकडे चिकटवायचे, कॉटचे पाय कुठे आणि टीपॉयचे कुठे, म्हणजे अंधारातही खुर्ची जागच्या जागी ठेवता येते. चहा खरा ठेवायचा आणि गरम ठेवायचा, कारण वाफ दिसली नाही तर मागच्या रांगेतलं माणूसही ओळखतं की कप रिकामा आहे. दाराची चौकट कुठल्या बाजूला उघडते ते स्वतः उघडून बघायचं, नाहीतर बाप मुलीसाठी दार उघडायला जातो आणि अख्खं घर हलतं. विंगेत उभं राहताना बांगड्या काढायच्या, पायात मोजे घालायचे. प्रयोग चालू असताना तुम्ही असून नसायचं. मला ते फार आवडलं. शाळेत पस्तीस वर्षं सगळ्या वर्गानं माझ्याकडेच बघावं म्हणून मी घसा कोरडा केला होता. इथे कुणीच बघत नव्हतं आणि सगळं माझ्या हातावर चाललं होतं.

मास्तरांचं काम आमचे शेख सर करायचे. गणिताचे. पहिल्या प्रवेशात त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायचा असे, म्हणून मी रोज घरून करून न्यायची. एकदा मधेच थांबून ते पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले, "मॅडम, ठेचा जरा बेतानं हो. रडायचा सीन शेवटी हाय. मी पहिल्यातच रडून राहिलो."

"मग शेवटी काय कराल?" रत्नमाला म्हणाली.

"शेवटी हुंदके देईन. मिरच्या तोपर्यंत उतरतात."

अजूनही मी ठेचा वाटायला घेतला की मला त्या वर्गाचा वास येतो. खडू, लसूण, आणि खिडकीतून येणारा कुणाच्या तरी शेकोटीचा धूर.

मुलीचं काम रत्नमाला स्वतः करायची. नाटक तिनंच लिहिलं होतं, आणि त्यातली ती खोली कुठून आली हे तिनं मला एका तालमीनंतर, बाकं परत लावताना सांगितलं. नायगावला तिचे अप्पा एकटे राहत होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून त्यांनी खोलीतली एक वस्तू कुणाला हलवू दिली नव्हती. वस्तू आम्ही इकडून तिकडून जमवणार होतो, पण नाटकातली ती कॉट त्यांची, तो रेडिओ त्यांचा, भिंतीवरची बुद्धाची तसबीर त्यांच्या भिंतीवरची, आणि शेवटचा चष्मा तिच्या आईचा. अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. मुलीचं नाटक आहे म्हणून ते मोठ्या कौतुकानं बघायला येणार होते.

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आणि नाही विचारलं तर चोरी झाल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "मॅडम, मला बक्षीस नको. ते मधेच उठून जाऊ नयेत, एवढंच पाहिजे."

आणि प्रयोग एकच होता. लहान चमूंचं असंच असतं, बाळांनो. दोन-अडीच महिने तालीम करायची, एका संध्याकाळी पडदा उघडायचा, तो पडला की संपलं. चुकलं तर दुरुस्त करायला दुसरा दिवस नाही.

आमचा प्रयोग लातूरला लागला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडीतून चौकट आणि खिडकी नेणं जमलं, पण कॉट-टीपॉय कुठे नेणार? ते लातूरलाच मागायचं ठरलं. तुमची मालूआजी, म्हणजे माझी नणंद, लातूरची. तिनं अख्खी गल्ली कामाला लावली. दोन दिवस आधी आम्ही दोघी घरोघरी फिरलो. तिच्या शेजारी बिराजदारबाई राहतात. त्यांच्या बैठकीत सागवानी टीपॉय होता, त्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर काच, आणि काचेवर पुन्हा एक रुमाल.

"न्या की. लग्नातला हाय आमच्या. पण त्याच्यावर गरम कप ठिवायचा न्हाई बघा," त्या म्हणाल्या.

"अहो, नाटकात चहाचा कप ठेवायचाच आहे त्याच्यावर."

"मग खाली बशी ठिवा."

"नाटकातल्या माणसाला बायको नाही हो. बशी कोण देणार?"

बिराजदारबाईंचा चेहरा एकदम उतरला. "अव्वा! कशानं गेली?"

टीपॉय मिळाला. आमच्याकडची रीत अशी की ज्यानं वस्तू दिली तो प्रयोगाला येतोच, आणि नाटकापेक्षा आपली वस्तू जास्त बघतो. कुणी तिच्यावर टेकलं की श्वास रोखतो. मला ही रीत फार गोड वाटायची. तिचे परिणाम अजून भोगायचे होते.

प्रयोगाच्या दिवशी मी दुपारभर पसारा लावला. टेपच्या खुणांवर कॉट आणि टीपॉय. चादर चुरगळून, धोतर अर्धं खाली लोंबतं, वर्तमानपत्राची पानं विखुरलेली, कपात तळाला चहाचा डाग, ताटलीत भाकरीचा तुकडा, एक चप्पल सरळ आणि एक पालथी. खिडकीत चष्मा. खिडकीवर लाइट असा लावून घेतला होता की शेवटी तेवढा चष्माच चमकावा. पहिली घंटा झाली. आमच्या चमूची पद्धत होती की प्रयोगाआधी सगळ्यांनी मेकअपच्या खोलीत जमून एकमेकांच्या तळहातावर गूळ ठेवायचा. मीही गेले. गूळ खाऊन, पदराला हात पुसत परत आले.

आणि बघते तर खोली लख्ख.

चादर ताणून बसवलेली. धोतराची घडी. वर्तमानपत्रं उभी-आडवी नीट लावून कॉटखाली. कप धुऊन पालथा. टीपॉयवर क्रोशाचा रुमाल, जो बिराजदारबाईंनी घरून आणला असणार. चपला दाराशी जोडीनं, आणि दाराच्या चौकटीपुढे चिमूटभर रांगोळी. मालूताई आणि बिराजदारबाई कमरेला पदर खोचून, घाम पुसत, माझ्या कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या.

"काय हो वहिनी, एवढं सगळं तुमच्या एकटीवर टाकलं?" मालूताई म्हणाली. "कसला उकिरडा होता! पडदा उघडला असता तर लातूरची अब्रू गेली असती."

"माझा टीपॉय तर वळखू येत नव्हता," बिराजदारबाई म्हणाल्या.

"भाकरी?" मला एवढंच विचारता आलं.

"शिळी होती. मागं गाय उभी हाय, तिला टाकली. ताटलीत चिवडा ठिवलाय कलाकारास्नी."

स्वच्छ खोली बघून मला रडू आलं, असं आयुष्यात एकदाच झालं.

रागावणार कुणावर? त्या दोघींनी जे केलं ते मी कुणाच्याही घरी केलं असतं. मी धावत सगळं परत काढायला लागले. कुठे काय होतं ते मला डोळे मिटून पाठ होतं. वर्तमानपत्र टाकलं, धोतर टाकलं, मफलर खुर्चीवर टाकला. रत्नमाला येऊन उभी राहिली. तिनं एकवार नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हा पसारा नाही. हे प्रदर्शन आहे." खरंच होतं. घाईत माझ्या हातांनी आपली जुनी सवय धरली होती. प्रत्येक कागद कॉटच्या कडेला समांतर पडलेला. शेख सर मदतीला आले, त्यांनी चादर ओढली, तर ती त्रिकोणात चुरगळली. गणिताचा माणूस. त्या दोघी तर बिचाऱ्या काही टाकायला वाकल्या की हातानं ते सारखंच करत होत्या.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "रत्ना हाय का हिथं? रत्नमाला?"

अप्पा. नायगावहून एसटीनं निघालेले, नांदेडला गाडी बदलून थेट स्टँडवरून आलेले. हातात पिशवी, गळ्यात मफलर. त्यांनी पुढच्या दारानं यावं, अंधारात बसावं, आणि जे काय कळायचं ते नाटकातून कळावं, असा रत्नमालाचा बेत होता. ती जागच्या जागी गोठली. अप्पा विंगेतून सरळ आत आले. दिवसभर प्रवास केलेल्या माणसाला कॉट दिसली, ते बसले. मफलर काढून न बघता खुर्चीकडे फेकला. तो अर्धा अडकला, अर्धा लोंबला. चपला काढल्या, एक कॉटखाली गेली, एक पालथी झाली. पिशवीतून आपलं वर्तमानपत्र काढून, अर्धं उघडून मांडीवर घेतलं, चष्म्याचं घर शोधायला पिशवीतलं निम्मं सामान चादरीवर काढलं, ते सापडेना म्हणून उरलेलंही काढलं. फडक्यात बांधलेली शिदोरीची भाकरी टीपॉयवर आली. बिराजदारबाईंनी तोंडावर हात ठेवला. मला अख्खी दुपार लागलेलं काम तो माणूस नुसता बसून करत होता.

मग त्यांनी मान वर केली. तसबीर बघितली. रेडिओ बघितला. खिडकी, आणि खिडकीतला चष्मा.

"रत्ना," ते म्हणाले, "ही खोली कुणाची हाय?"

"तुमची, अप्पा."

"मला इचारलं न्हाईस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

दुसरी घंटा झाली. पडद्याच्या पलीकडे लोकांची कुजबुज वाढत होती. "हाव," अप्पा म्हणाले, "म्हणलो असतो."

ते उठले. मला वाटलं, निघाले. रत्नमालालाही तेच वाटलं असणार, कारण ती एक पाऊल पुढे झाली आणि थांबली. अप्पा खिडकीशी गेले, चष्मा उचलला, धोतराच्या सोग्यानं त्याच्या काचा पुसल्या आणि कॉटपाशी येऊन उशीच्या कडेला, भिंतीच्या बाजूनं ठेवला.

"खिडकीत कुणी ठिवतंय का? उनानं काडी वाकडी होती. हिचा चष्मा हिथं असतोय."

दुसरी घंटा झाल्यावर वस्तूची जागा बदलायची नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम. रेवा, तुझ्या बाईही तुला तो सांगतील, आणि तू तो पाळ. मी मात्र खिडकीतली टेपची खूण काढली आणि उशीपाशी चिकटवली. पळत जाऊन लाइटवाल्याला सांगितलं की शेवटचा उजेड खिडकीवर नको, उशीवर हवा. "आत्ता? तिसरी घंटा होऊन राहिली, मॅडम!" म्हणत त्यानं शिडी ओढली. परत आले तर अप्पा पायात काही न घालता विंगेत उभे होते.

"अप्पा, तुमच्या चपला," रत्नमाला म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. बरोबर पडल्यात."

त्या माणसानं सगळा प्रयोग अनवाणी, पहिल्या रांगेत बसून बघितला. थंडी बोचरी होती. मालूताईनं आपली शाल घडी करून त्यांच्या पायाखाली घातली आणि स्वतः कुडकुडत बसली. हे मला नंतर कळलं, पण अप्पांचा आवाज मला विंगेत ऐकू येत होता. शेख सरांनी खाताना भाकरी मोडली, तसं अप्पा शेजारणीला म्हणाले, "ती माझी हाय." मुलगी खोली आवरायला लागली तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "अगं अगं, ऱ्हाऊ दे की!" आणि अख्खं नाट्यगृह हसलं. शेख सरांनी कप बशीशिवाय ठेवला तेव्हा दुसरा एक दबका आवाज आला, तो बिराजदारबाईंचा. शेवटी रत्नमालानं एकेक वस्तू परत मांडायला घेतली. आता ती तिच्या लक्षातला पसारा मांडत नव्हती. मघाशी अप्पांनी केलेला मांडत होती. मफलर तिनं न बघता फेकला, आणि तो अर्धा अडकला, अर्धा लोंबला. चष्मा उशीपाशी ठेवला. लाइटवाल्याचा उजेड थोडा उशिरा आला, पण नेमका तिथेच आला. समोरून काही आवाज नाही. मी विंगेच्या फटीतून पहिली रांग बघितली. अप्पा बसलेले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय शालीवर.

पडदा पडल्यावर ते चपला न्यायला मागे आले. शेख सरांना म्हणाले, "तुम्ही माझ्यापरीस बरं बसताव. मला पाठीत कळ येती." रत्नमालाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "एकदाच करून सोडून देता व्हय हे? नायगावात करा. कॉट मी देतो."

स्पर्धेची ढाल दुसऱ्याच एका चमूनं नेली आणि त्यांचं नाटक खरंच चांगलं होतं. आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर नायगावला शाळेच्या ओट्यावर प्रयोग केला. पसारा लावायचं काम मी अप्पांना दिलं. ते नुसते येऊन बसले.

रेवा, नाटकात काम करणाऱ्यांना आपलं वाक्य माहीत असतं. स्टेज मॅनेजरला सगळ्यांची वाक्यं माहीत असतात, आणि खुर्चीचं, कपाचं, चपलेचं म्हणणंही. सामान उचलतेस तेव्हा ते कुणाचं आहे तेवढं विचारत जा. बाकी सगळं जमेल. आणि तो स्वेटर उचलू नकोस, आईला मी सांगते.

आता काय उरलंय ते सांगते आणि मेथी निवडायला घेते. शेख सर आता नातवाला गणित शिकवतात आणि ठेचा खात नाहीत. रत्नमाला बदलून परभणीला गेली. नायगावची खोली आहे तशीच आहे. मागच्या महिन्यात मी अप्पांना भेटायला गेले तेव्हा बसायला खुर्ची मोकळी नव्हती, कागद बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून दोघंही कॉटवरच बसलो. चष्मा उशीपाशी होता. आणि लातूरला बिराजदारबाईंच्या बैठकीत तो टीपॉय आहे. त्यावर काच आहे, रुमाल आहे, रुमालाच्या खाली चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे आणि पायाला चिकटून आलेली माझी पिवळी टेप आहे. त्या रोज टीपॉय पुसतात. टेप काढत नाहीत.

तुमची,
आजी